टायटॅनियम एक्झॉस्ट बसवतोय: वजन, आवाज, फिटिंग, सगळं इथेच बोलूया

सहावा गिअर

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस डोक्यात घोळत होतं, शेवटी किट आलं. गाडी टोयोटाची जीआर सुप्रा ३.०, म्हणजे इनलाइन सिक्स, सिंगल टर्बो, इंजिन पुढे आणि ड्राइव्ह मागच्या चाकांना. किट पूर्ण टायटॅनियमचं कॅटबॅक आहे, म्हणजे कॅटच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) मागचा एक्झॉस्ट. कॅट आणि पार्टिक्युलेट फिल्टरला हात लावणार नाहीये, ते जिथे आहेत तिथेच राहतील, त्यांच्या मागचा पाइप, मधला रेझोनेटर (ठराविक सूर दाबणारा डबा), शेवटचा सायलेन्सर आणि टिप एवढंच बदलायचंय. खोक्यातून मागचा सायलेन्सर काढला तर एका हाताने सहज उचलला गेला, एवढा मोठा डबा आणि इतका हलका, हातात धरल्याशिवाय खरंच पटत नाही.

बसवणार मी आणि एक मित्र, लिफ्ट मिळतेय. त्याआधी इथल्या जाणकारांकडून चार गोष्टी समजून घ्यायच्यात. वजन कमी झाल्याचा चालवताना किती फरक पडतो, हायवेला एका स्पीडला केबिनमध्ये जो घुमणारा आवाज येतो त्याचं काय करायचं, फिटिंग करताना कुठे बारीक लक्ष द्यायचं, आणि जी झडप फॅक्टरी सायलेन्सरवर मोटरने उघडझाप होते तिची मोटर काढून नव्या सायलेन्सरवर लावायची आहे, त्यात काही गडबड होते का. ज्यांनी केलंय त्यांनी सविस्तर लिहा प्लीज, कितीही मोठा प्रतिसाद असला तरी वाचणार आहे.

टॉर्कवेडा

अभिनंदन! मस्त गाडी, मस्त किट.

आधी ताकदीचं बोलून घेतो कारण तो विषय निघणारच. कॅटबॅकने टर्बो गाडीत हॉर्सपॉवर फारशी वाढत नाही. टर्बाइन फिरतं ते त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब यातल्या फरकावर, आणि पलीकडच्या बाजूला सगळ्यात जास्त अडथळा असतो तो टर्बोला चिकटून असलेल्या डाउनपाइप आणि कॅटमध्ये. तिथे वायू सगळ्यात गरम, म्हणून त्याचं आकारमान आणि वेगही जास्त. तो मागे सायलेन्सरपर्यंत येतो तोवर बराच थंड झालेला असतो, आकुंचन पावलेला असतो, त्यामुळे तिथला पाइप मोकळा करून मिळतं ते थोडकंच. आणि डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, तीच गाडी, तोच दिवस, लागोपाठ दोन रन घेतले तरी एकदोन टक्के इकडेतिकडे होतातच, म्हणजे जाहिरातीतल्या लहानसहान आकड्यांना काही अर्थ नाही.

पण वजनाचा मुद्दा खरा आहे, आणि लोक समजतात त्यापेक्षा जास्त खरा आहे. सुप्राचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमधलं अंतर, २.४७ मीटर. समजा सायलेन्सरमध्ये १० किलो वाचले आणि तो मागच्या अ‍ॅक्सलच्या ०.८ मीटर मागे लटकलेला आहे. तरफेचा साधा हिशोब केला तर मागच्या चाकांवरचं वजन १० नाही, साधारण १३ किलोंनी कमी होतं आणि पुढच्या चाकांवर ३ किलो वाढतात. कारण मागे लटकणारं वजन गाडीचं नाक वर उचलत असतं, ते गेलं की नाक खाली बसतं.

अ‍ॅपेक्स

टॉर्कवेडा, हिशोब मान्य, पण रिअर व्हील ड्राइव्ह गाडीत मागचं वजन कमी करणं चांगलं कसं? ट्रॅक्शन जाणार ना. इंजिन पुढे असलेल्या गाडीत लोक बॅटरी उचलून डिकीत नेतात आणि इथे आपण उलट करतोय.

टॉर्कवेडा

प्रश्न अगदी योग्य आहे. दीड टनाच्या गाडीत १३ किलो म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलच्या वाट्याच्या दोन टक्क्यांच्याही आत, स्टँडिंग स्टार्टला ते जाणवणार नाही. जाणवतं ते वळणात. बंपरजवळचं वजन गाडीच्या मध्यापासून लांब असतं, आणि गाडी स्वतःभोवती वळताना लागणारा विरोध अंतराच्या वर्गाने वाढतो. तो सायलेन्सर मध्यापासून साधारण दोन मीटरवर आहे, म्हणजे १० किलो गुणिले चार, ४० झाले. अशा गाडीचा एकूण आकडा दोन हजारांच्या वरच असतो, म्हणजे फरक दोन टक्क्यांच्या आत. मी छातीठोकपणे सांगणार नाही की पहिल्याच वळणात तुम्हाला कळेल. पण उजवं-डावं-उजवं अशी लागोपाठ वळणं आली की शेपूट थांबायला लागणारा वेळ कमी होतो, आणि बॅटरी मागे नेल्याने नेमकं हेच बिघडतं. मला स्वतःला ट्रॅक्शनच्या दोन टक्क्यांपेक्षा शेपटीचे दोन टक्के जास्त प्यारे आहेत.

अ‍ॅपेक्स

पटलं. आणि हेच १० किलो सीटखालून काढले असते तर एवढा फरक पडला नसता, बरोबर ना?

टॉर्कवेडा

अगदी. कुठून काढले याला किलोइतकंच महत्त्व आहे.

आर्गॉन

या विषयावर लिहिल्याशिवाय राहवणार नाही, मी टायटॅनियमच वेल्ड करते, रोजचं काम आहे.

टायटॅनियमची घनता साधारण ४.५, स्टेनलेसची ८ च्या जवळ. म्हणजे त्याच मापाचा, त्याच जाडीचा पाइप घेतला तरी वजन जेमतेम ५६ टक्के. किट बनवणारे त्यातही पत्रा पातळ घेतात, १ ते १.२ मिलीमीटर. पण दुसरी बाजू कुणी सांगत नाही. टायटॅनियमची ताठरता स्टीलच्या जवळपास निम्मी आहे, मजबुती नव्हे हं, ताठरता. म्हणजे तुटायला कठीण पण वाकायला, थरथरायला सोपं. पातळ, हलका आणि कमी ताठ डबा, म्हणून टायटॅनियमचा आवाज स्टीलपेक्षा चढा आणि थोडा खरखरीत लागतो. हे लोकांना आवडतं ते आवडतं, पण पत्र्यासारखा झणझणाट आणि चांगला खरखरीत आवाज यात फरक असतो, आणि तो आतल्या पॅकिंगवर आणि डब्याच्या आकारावर ठरतो.

महाग का तर धातू दुर्मीळ आहे म्हणून नाही. पृथ्वीच्या कवचात मुबलकतेत त्याचा नंबर नववा लागतो. पण ऑक्साइडमधून तो वेगळा करायला क्रॉल प्रक्रिया लागते, क्लोराइड बनवायचं, मग मॅग्नेशियमने ते मोडायचं, आणि हे सगळं हवा लागू न देता, एकेक घाणा करून. मग त्याचा पत्रा, मग पाइप, मग वेल्डिंग, प्रत्येक टप्प्याला हवेपासून जपायचं. रस्त्यावरच्या गाडीत फॅक्टरीतून टायटॅनियम एक्झॉस्ट पहिल्यांदा मोठ्या संख्येने दिला तो २००१ च्या कॉर्व्हेट झी०६ मध्ये, म्हणजे हे काही कालपरवाचं खूळ नाही.

आता खोकं उघडलंच आहे तर सगळ्यात आधी वेल्ड बघा, बसवायच्या आधी. तापलेलं टायटॅनियम ऑक्सिजन आणि नायट्रोजन अक्षरशः पिऊन घेतं आणि ठिसूळ होतं, म्हणून टिग वेल्डिंग करताना पुढून आर्गॉन वायू, वेल्डिंग टॉर्चच्या मागे शेपटीसारखं लांब कव्हर लावून त्यात आर्गॉन, आणि पाइपच्या आतूनही आर्गॉन. आर्गॉनचं झाकण नीट झालं असेल तर वेल्ड चकचकीत चांदीसारखा किंवा फिकट सोनेरी दिसतो. गडद निळा, जांभळा म्हणजे हवा लागली, विचारायला हवं. राखाडी किंवा वर पांढरी भुकटी असेल तर तो वेल्ड मी सरळ परत पाठवते. आणि फक्त बाहेरून बघू नका, बॅटरी आणि छोटा आरसा किंवा मोबाइलला लावायचा कॅमेरा घेऊन पाइपच्या आत बघा, कारण बाहेरून देखणा आणि आतून पर्ज न केलेला, म्हणजे आत आर्गॉन न भरता केलेला वेल्ड ही सगळ्यात जास्त दिसणारी चोरी आहे. आत पापुद्रे, काळसर दाणे दिसले तर तो सांधा कंपनाने आज ना उद्या फाटणार. हॅंगरची, म्हणजे ज्या रबरांवर एक्झॉस्ट गाडीखाली लटकतो त्यांची कडी जिथे पाइपला जोडलीय तिथे तर दोनदा बघा, सगळा ताण तिथे येतो.

अजून एक, वेल्डवर कृपया वायर ब्रश मारून रंग घालवलेला नाही ना ते बघा. रंग हाच पुरावा असतो, तो पुसला की काही कळत नाही.

सहावा गिअर

आर्गॉन, मनापासून धन्यवाद, हे असं कुठेच वाचलं नव्हतं. आत्ताच बॅटरी घेऊन बघितलं, बाहेरचे सगळे वेल्ड चांदीसारखे, एकदोन ठिकाणी फिकट सोनेरी छटा. आतून दिसतंय तिथपर्यंत साफ आहे. हॅंगरच्या कड्या पाइपवर थेट न लावता खाली एक बशीसारखी पट्टी लावून त्यावर लावल्यात, हे चांगलं का?

आर्गॉन

उत्तम. पट्टी असली की ताण मोठ्या भागावर पसरतो. थेट पाइपला लावलेली कडी असली की भेग नेहमी वेल्डच्या अगदी कडेने जाते.

नवखा

वाचतोय. एक बाळबोध प्रश्न, मग टर्बोपर्यंत सगळंच टायटॅनियमचं का नाही करत?

आर्गॉन

बाळबोध अजिबात नाही. टायटॅनियम वितळतं १६६८ अंशांना, पण त्याच्या कितीतरी आधी, साधारण ६०० च्या वर बराच वेळ राहिलं की ऑक्सिजन आत झिरपायला लागतो आणि पृष्ठभागाचा थर काचेसारखा कडक होतो. मग तिथून बारीक भेगा सुरू. टर्बोजवळचा वायू याच्या बराच वर जातो. म्हणून मॅनिफोल्ड (इंजिनातून धूर गोळा करणारा पहिला भाग) आणि टर्बोच्या लगतचा भाग चांगल्या स्टेनलेसचा किंवा इन्कोनेलचा (उष्णता सोसणारा निकेलचा मिश्रधातू), आणि टायटॅनियम मागच्या भागात जिथे तापमान उतरलेलं असतं. तुमच्या किटमध्येही तेच आहे. काही मिश्रधातूंत अ‍ॅल्युमिनियम, सिलिकॉन घालून थोडं वर नेता येतं, पण हद्द आहेच.

जुना पाना

मंडळी, फिटिंगबद्दल मी लिहितो, हात काळे करण्यात आयुष्य गेलंय.

गाडी पूर्ण थंड हवी, आदल्या रात्री उभी केलेली असली तर उत्तम. नटबोल्टांना गंज सुटायचं तेल आदल्या दिवशीच मारून ठेवा, पाचदहा मिनिटं आधी मारून उपयोग नसतो, रात्रभर मुरू द्यायचं. लिफ्ट आहे ते चांगलंच, पण ज्यांच्याकडे नाही त्यांनी फक्त जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, चारही बाजूंना स्टँड, मग गाडीला जोराने हलवून बघायचं, मग आत. खालचं प्लॅस्टिक कव्हर आणि आडव्या पट्ट्या काढताना प्रत्येक बोल्ट कुठला ते वेगळं ठेवा, लांबी वेगवेगळी असते.

रबरी हॅंगर ओढून निघत नाहीत म्हणून लोक स्क्रू ड्रायव्हर खुपसतात आणि रबर फाडतात. सिलिकॉन स्प्रे किंवा नुसतं साबणाचं पाणी लावा आणि हॅंगर काढायच्या चिमट्याने ढकला, लोण्यासारखं निघतं. पेट्रोल, ग्रीस लावू नका, रबर फुगतं. जुना सायलेन्सर जड असतो, शेवटचं रबर काढायच्या आधी खाली ट्रान्समिशन जॅक किंवा दुसरा माणूस हवाच.

आता महत्त्वाचं. नवा एक्झॉस्ट लावताना सगळे सांधे आधी सैल, नुसते बोटांनी घट्ट. सगळी लांबी रबरांवर लटकवा, मग पुढून मागे येत येत घट्ट करा, इंजिनाकडून टिपकडे. उलटं केलं, म्हणजे टिप आधी बंपरमध्ये छान बसवून ती घट्ट केली आणि मग पुढे आलात, की सगळा वाकडेपणा पुढच्या सांध्यात जमा होतो आणि तो सांधा कायम पिळलेला राहतो. घट्ट झाल्यावर प्रत्येक रबर बघा. रबर सरळ लोंबत असलं पाहिजे, एका बाजूला ओढलेलं दिसलं तर सांधे परत सैल करून परत सुरुवात. हे मी कितीही सांगितलं तरी कमीच आहे, कारण टायटॅनियम वेल्डला फाडतं ते वजन नाही, हे असं कायम पिळून ठेवणंच फाडतं. गॅस्केट नवी, जुनी परत वापरायची नाहीत.

सहावा गिअर

काका, साष्टांग नमस्कार. हे प्रिंट काढून लिफ्टला चिकटवतो.

एक शंका, पुढचा सांधा स्लिप जॉइंट आहे, किटचा टायटॅनियमचा पाइप फॅक्टरीच्या स्टेनलेस पाइपच्या बाहेरून चढतो आणि वर पट्टीचा क्लॅम्प. दोन वेगळे धातू, गरम झाल्यावर हे सैल होईल का?

आर्गॉन

याचं उत्तर आकड्यातच देते, कारण नेमकं इथेच पुष्कळ किट फसतात.

स्टेनलेस ३०४ गरम झाल्यावर टायटॅनियमच्या दुप्पट फुगतं. ७६ मिलीमीटर व्यासाचा पाइप घेऊ, तापमान ४०० अंशांनी वाढलं असं धरू. स्टेनलेसचा व्यास जवळपास ०.५ मिलीमीटरने वाढतो, टायटॅनियमचा ०.२५ च्या आसपास. म्हणजे पाव मिलीमीटरचा फरक. तुमच्या गाडीत टायटॅनियम बाहेर आणि स्टेनलेस आत आहे, त्यामुळे गरम झाल्यावर सांधा उलट आवळत जाणार. गळती व्हायची नाही, पण बाहेरच्या पाइपला उभी चीर दिलेली हवी, नाहीतर पाव मिलीमीटर जाणार कुठे, पाइप ताणला जाणार. चीर आहे का बघा, आणि तिच्या टोकाला गोल भोक आहे का तेही बघा, ते नसलं तर चीर पुढे पुढे फाटत जाते. उलट रचना असती, म्हणजे टायटॅनियम आत आणि स्टेनलेस बाहेर, तर गरम झाल्यावर सांधा सैल पडला असता.

लांबीचंही ऐका. दोन मीटर स्टेनलेस पाइप ४०० अंशांना जवळपास १४ मिलीमीटर लांब होतो, टायटॅनियम ७ च. टिप आणि बंपरमध्ये जागा ठेवताना हे लक्षात असू द्या. तुमच्या किटला टिप कमी सरकेल, ही टायटॅनियमची जमेची बाजू.

आणि सांध्याला कोरडं चढवू नका. टायटॅनियम दुसऱ्या धातूवर, विशेषतः टायटॅनियमवरच, घासलं की एकमेकांना धरून बसतं, मग कापूनच काढावं लागतं. निकेलवालं अँटीसीझ, म्हणजे धातू एकमेकांना चिकटू न देणारा लेप, त्याचा पातळ थर लावा, नटबोल्टांनाही तेच.

सहावा गिअर

चीर आहे, चार ठिकाणी, टोकाला भोकंही आहेत. 🙏

नीलपंख

माझा रस वेगळ्या कारणाने, निळा-जांभळा रंग! तो कसा आणि कधी येतो? आणि काही लोक म्हणतात हाताचे ठसे कायमचे उमटतात, खरंय का?

आर्गॉन

खरंय. रंग म्हणजे रंगद्रव्य नाही. गरम होताना वर पारदर्शक ऑक्साइडचा थर जाड होत जातो, आणि त्याच्या वरून आणि खालून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळून रंग दिसतो. थर जसा जाड तसा रंग, आधी सोनेरी, मग जांभळा, मग निळा. त्यामुळे पाइपवर रंगांचा नकाशा उमटतो, कुठे किती तापलं ते दिसतं. बोटांचं तेल, घामातलं मीठ लागलेलं असलं तर तिथे थर वेगळा बनतो आणि ठसा भाजला जातो, नंतर कितीही घासा. बसवून झाल्यावर, पहिल्यांदा इंजिन सुरू करायच्या आधी, स्वच्छ कपडा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोन घेऊन अख्खा पाइप पुसा आणि त्यानंतर हातमोज्यांशिवाय शिवू नका. क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर अजिबात नको. क्लोराइड आणि उष्णता एकत्र आली की टायटॅनियममध्ये भेगा जाऊ शकतात, हा दिसण्याचा प्रश्न नाही.

कानसेन

आता घुमणाऱ्या आवाजाकडे येऊ, हा माझा आवडता विषय.

चार स्ट्रोक, सहा सिलिंडर, म्हणजे क्रॅंकच्या एका फेरीत तीन स्फोट. २४०० आरपीएमला सेकंदाला ४० फेऱ्या, म्हणजे १२० हर्ट्झ. टॉप गिअरमध्ये हायवेला इंजिन साधारण २००० ते २४०० मध्ये फिरतं, म्हणजे १०० ते १२० हर्ट्झ, आणि बंद केबिनच्या हवेचा, छताच्या पत्र्याचा स्वतःचा सूर बऱ्याच गाड्यांत त्याच आसपास पडतो. दोन्ही जुळले की कानावर दाब आल्यासारखं वाटतं, गप्पा मारता येत नाहीत, तासाभराने डोकं दुखायला लागतं. फॅक्टरीचा मोठा जड सायलेन्सर हा सूर खाऊन टाकतो. हलक्या सायलेन्सरला ते जमेलच असं नाही.

उपाय आवाज सरसकट दाबणं नाही, तोच एक सूर मारणं. मुख्य पाइपला एक आडवी फांदी काढायची, टोक बंद. आवाजाची लाट आत जाते, बंद टोकावर आपटून परत येते. फांदीची लांबी लाटेच्या एक चतुर्थांश असली की परत येणारी लाट नेमकी उलट्या टप्प्यात येते आणि मूळ लाटेला मारते. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ठराविकच सूर निघतो, तसं या फांदीलाही ठराविकच सूर ऐकू येतो, बाकी आवाजाला ती हात लावत नाही. म्हणून वर रेव्ह केल्यावर गाडी तेवढीच गाते.

लांबी काढायची तर ध्वनीचा वेग भागिले चार, भागिले हर्ट्झ. इथे लोक हवेतला ३४० चा वेग घेतात आणि फसतात. ३५० अंशांच्या वायूत वेग ५०० मीटर प्रति सेकंद असतो, म्हणजे १२० हर्ट्झला १.०४ मीटर फांदी लागेल. पण फांदीत वायू वाहत नाही, तो साचून थंड होतो. आत २०० अंश धरले तर वेग ४३६ आणि लांबी ९१ सेंटिमीटर. १३ सेंटिमीटरचा फरक, आणि सूर चुकवायला तेवढा पुरतो. म्हणून ज्याला फांदी लावायचीय त्याने आधी गाडी हायवेला पूर्ण तापवून, फोनवर स्पेक्ट्रम दाखवणारं अ‍ॅप लावून कुठल्या हर्ट्झला शिखर येतंय ते बघावं आणि मग फांदी थोडी लांब ठेवून कापत कापत यावं.

सहावा गिअर, तुमच्या किटच्या सायलेन्सरवर बाजूला बंद टोकाची नळी आहे का बघा, बरेच बनवणारे ती आधीच देतात.

सहावा गिअर

आहे! मला वाटत होतं ती हॅंगरसाठीची काहीतरी रचना आहे, सायलेन्सरला वळसा घालून जाते, टोकाला झाकण वेल्ड केलेलं. कानसेन, आज झोप लागणार नाही आता.

अ‍ॅपेक्स

आवाजाच्या नियमांचंही बघून घ्या. बदली सायलेन्सरसाठी यूएनचा नियम क्रमांक ५९ आहे, तो मानणाऱ्या देशांत सायलेन्सरवर गोलात ई आणि आकडा कोरलेला असतो. नसेल तर रस्त्यावर तपासणीत अडचण येऊ शकते, आपापल्या ठिकाणचा नियम आधी वाचा. ट्रॅकवर उभ्या गाडीची चाचणी होते तेव्हा माइक टिपपासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांत धरतात. झडप उघडी ठेवून मोजतात का बंद, हे त्या ट्रॅकला आधीच विचारा.

सहावा गिअर

ई मार्क आहे, सायलेन्सरच्या खालच्या बाजूला. झडपेच्या मोटरबद्दल कुणी सांगेल का?

जुना पाना

मोटर काढताना इग्निशन बंद आणि गाडी झोपलेली हवी, म्हणजे लॉक करून थोडा वेळ जाऊ द्या, मगच प्लग काढा. प्लग काढून इग्निशन चालू केलं की फॉल्ट कोड येतो. झडपेच्या दांड्याचं टोक आणि मोटरची खाच यांची दिशा जुनीवर जशी आहे तशीच नवीवर आहे ना ते बसवायच्या आधी बघा, फोटो काढून ठेवा. जबरदस्ती फिरवून बसवली तर आतले प्लॅस्टिकचे गिअर जातात. आणि मोटर व सायलेन्सरमध्ये जी पातळ उष्णतारोधक चकती असते ती जुन्यावर राहून जाते, ती आठवणीने काढून घ्या. टायटॅनियमचा डबा पातळ, उष्णता बाहेर जास्त फेकतो, चकतीशिवाय मोटर टिकायची नाही. त्याच कारणाने गाडीखालची चकचकीत हीट शील्ड एकही काढून टाकू नका, वजनाच्या मोहात लोक काढतात.

सहावा गिअर

मंडळी, बसला एक्झॉस्ट!

सविस्तर लिहितो. जुना काढताना पुढच्या क्लॅम्पचा नट हट्टाला पेटला होता पण काकांच्या सल्ल्याप्रमाणे रात्रभर तेल मुरवलेलं, शेवटी कुरकुरत निघाला. रबरं साबणाच्या पाण्याने अशी निघाली की मित्र बघत राहिला. नवा एक्झॉस्ट दोघांनी मिळून नाही, मी एकट्याने वर धरला आणि त्याने रबरं घातली. पुढून मागे घट्ट करत आलो. पहिल्या वेळी डावीकडचं शेवटचं रबर पुढे ओढलेलं दिसलं, सगळं परत सैल केलं, मधला पाइप स्लिप जॉइंटमध्ये थोडा मागे घेतला आणि रबर सरळ झालं. टिपभोवती बंपरला सगळीकडून सारखी जागा ठेवलीय. मग अल्कोहोलने पुसलं, दोनदा. गळती बघायला थंड इंजिन सुरू करून मित्राने टिपवर जाड कपडा क्षणभर धरला आणि मी सांध्यांवर साबणाचं पाणी मारलं, पुढच्या सांध्याला दोनचार बुडबुडे, बाकी कोरडे.

सुरू केल्यावर सुरुवातीला थोडा धूर आणि वास, कारखान्यातल्या तेलाचा असावा, लगेच थांबला. आवाज कसा आहे? झडप बंद असताना शहरात जवळजवळ फॅक्टरीसारखाच, फक्त थोडा कोरडा. झडप उघडून साडेचार हजारांच्या वर गेलं की इनलाइन सिक्सचा तो एकसलग चढत जाणारा सूर, मध्ये कुठे खळ नाही, आणि सोडल्यावर खाली येतानाही सूर मोडत नाही. मी गाडी थांबवून खिडक्या उघडून परत गेलो. हायवेला २१०० च्या आसपास अगदी किंचित घुमतं, गप्पांत अडथळा येत नाही. अ‍ॅप लावून बघितलं तर शिखर १०५ हर्ट्झला, म्हणजे कानसेनच्या हिशोबात तंतोतंत.

कानसेन

२१०० ला १०५, अगदी बरोबर! झडप बंद ठेवून तेच शिखर किती खाली जातं तेही बघा, आणि मागच्या सीटच्या जागी फोन ठेवून पण बघा, तिथे दाब जास्त असतो.

नीलपंख

रंगाचं काय?? फोटो?

सहावा गिअर

सुप्राला मागची सीटच नाही, डिकीत ठेवून बघतो.

नीलपंख, रंग आला! पुढच्या सांध्याजवळ फिकट सोनेरी, रेझोनेटरच्या पुढच्या वेल्डवर जांभळी कड. सायलेन्सर अजून चांदीसारखाच. ठसा एकही नाही.

आर्गॉन

सोनेरी अगदी योग्य, तिथे तापमान हद्दीत आहे असा अर्थ. पुढच्या सांध्याजवळ कधी राखाडी, भुकटीसारखा पट्टा दिसला तर सांगा, तो तापमान फार वर गेल्याचा इशारा असतो, मिसफायर किंवा फिल्टरमध्ये काहीतरी चाललंय का ते बघावं लागेल.

जुना पाना

छान काम केलंत. आता एक राहिलंय. पाचसहा वेळा पूर्ण गरम-थंड होऊ द्या आणि मग सगळे क्लॅम्प थंड असताना परत टॉर्क रेंचने बघा. गरम असताना कधीही आवळायचं नाही, थंड झाल्यावर ताण बदलतो. हॅंगरच्या कड्यांच्या वेल्डवर बॅटरी मारून एकदा नजर फिरवा, केसासारखी रेघ दिसते का. आणि पुढच्या सांध्याजवळ काजळीची रेघ दिसली तर तिथून गळतंय समजायचं.

सहावा गिअर

काका, केलं. पुढच्या पट्टीच्या क्लॅम्पचा नट थोडा फिरला, बाकीचे जागेवर होते. ज्या सांध्याला बुडबुडे होते तिथे काजळी नाही, गरम होऊन आवळला गेलाय, आर्गॉनने सांगितलं तसंच. वेल्डवर रेघ नाही. जुना एक्झॉस्ट बोल्ट आणि क्लॅम्पांसकट गुंडाळून ठेवलाय. कानसेन, डिकीत फोन ठेवून बघितलं, झडप बंद केली की १०५ चं शिखर ८ डेसिबलने खाली जातं. आता ट्रॅकवाल्यांना झडपेचं विचारलंय, उत्तर आलं की आणि मीटरने मोजणी झाली की आकडे इथेच टाकतो.